शाळा सुटल्यानंतरचा खेळ

अहमदनगर जिल्ह्याला २०२४ सालीं सरकारदप्तरीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. ज्या अहिल्याबाईंच्या नांवानें तो आतां ओळखला जातो, त्यांचा जन्म याच जिल्ह्यांतील चौंडी गांवीं झाला. आणि १५९५-९६ च्या मोगली वेढ्यांत चांदबिबीनें जो किल्ला लढविला, तो किल्लाही याच नगरचा. तेव्हां कर्तृत्ववान स्त्रियांचीं नांवें या जिल्ह्याला अपरिचित नाहींत. राज्य राखणारी स्त्री इतिहासानें टिपली. शाळेंत जाणारी मुलगीही, उशिरां कां होईना, त्याच्या दृष्टीस पडली. खेळणारी स्त्री मात्र बहुतेक त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. खेळ ही बालपणींची गोष्ट, आणि मुलींचें बालपण तर त्याहूनही लवकर संपणारें. मग त्याचा इतिहास तो काय असावयाचा, अशीच समजूत सर्वत्र रूढ होती. या समजुतीला ज्या एका खेळानें आणि ज्या एका चषकानें उत्तर दिलें, त्यांची हकीकत नगरच्या श्रोत्यांनीं मुद्दाम ऐकावी अशी आहे.

महाराष्ट्रांतील स्त्रिया खेळत नव्हत्या असें मुळींच नाहीं. श्रावण उजाडला कीं नागपंचमीला झाडांना झोके लागत, सासरीं गेलेल्या लेकी माहेरीं येत, आणि झिम्मा, फुगडी, फेर यांना ऊत येई. मंगळागौरीची रात्र तर जागविलीच जाई ती खेळांनीं. पिंगा घालणें किंवा बसफुगडी खेळणें हें कांहीं लेच्यापेच्याचें काम नव्हे. त्याला दम लागतो, तोल लागतो आणि जोडीदारणीच्या हातावर विश्वास लागतो. या खेळांना दिवस नेमलेला होता, जागा ठरलेली होती, शिकविणाऱ्या वडीलधाऱ्या बायका होत्या. परंतु दोन गोष्टी नव्हत्या. एक म्हणजे नोंद. यंदा कोणाची फुगडी सर्वांत जास्त रंगली, हें पुढल्या श्रावणांत कोणी सांगूं शकत नसे. दुसरी म्हणजे सातत्य. मंगळागौर पुजावयाची ती लग्नानंतरचीं पहिलीं पांच वर्षें. नागपंचमीचा फेर धरावयाचा तो माहेरीं. म्हणजे खेळ हा स्त्रीच्या आयुष्यांतील एका वयाशीं आणि एका घराशीं बांधलेला होता. तें वय सरलें, तें घर दुरावलें, कीं खेळही सरला.

नगरमध्यें शिक्षण आलें तें लवकर. बोस्टन येथील अमेरिकन मिशनरी मंडळानें १८३१ सालीं नगरांत आपलें ठाणें उघडलें. मिस सिंथिया फॅरार ही बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरली होती. ती १८३९ सालीं नगरास आली आणि १८६२ सालीं मरण पावेपर्यंत तेथेंच मुलींच्या शाळा चालवीत राहिली. जोतीराव फुले यांनीं तिची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे नगरास तिच्याजवळ घेतले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ सालीं पुण्यांत फुले दांपत्यानें मुलींसाठीं जी शाळा काढली, तिच्या पाठीमागें नगरची ही वाट होती. मुलगी शाळेंत आली, ही एक क्रांति झाली. परंतु शाळा ही केव्हां तरी सुटावयाचीच. अक्षरओळख जन्मभर पुरते. शाळेच्या अंगणांत शिकलेला खेळ मात्र शाळेच्या फाटकाशींच राहतो. त्याला फाटकाबाहेर नेणार कोण, हाच खरा प्रश्न होता, आणि तो केवळ नगरपुरता नव्हता.

ज्या मॅसेच्युसेट्स प्रांतांतील बोस्टनहून नगरचे मिशनरी आले, त्याच प्रांतांतील स्प्रिंगफील्ड गांवीं १८९१ च्या डिसेंबरांत बास्केटबॉलचा जन्म झाला. वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेंतील जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला हिवाळ्यांत बंद दालनांत खेळतां येईल असा एक खेळ हवा होता. त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ पाडले. त्या पहिल्या सामन्यांत एकच गोल झाला. नगरची शाळा आणि स्प्रिंगफील्डची टोपली यांच्यांत कार्यकारणसंबंध जोडण्याचें कारण नाहीं. परंतु दोन्हीं एकाच मुलखांतल्या एकाच प्रकारच्या उत्साहाचीं अपत्यें होत, एवढें खास.

स्प्रिंगफील्डपासून वीसएक मैलांवर नॉर्थॅम्प्टन येथें स्मिथ कॉलेज हें मुलींचें विद्यालय आहे. तेथें सेंडा बेरेन्सन ही तरुण व्यायामशिक्षिका होती. लिथुएनियांत जन्मलेली, लहानपणीं अमेरिकेंत आलेली. तिनें नेस्मिथचा खेळ वाचतांच १८९२ सालीं तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला, आणि २२ मार्च १८९३ रोजीं कॉलेजांतील पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना लावला. त्या दालनांत पुरुषांस प्रवेश नव्हता. मुलींना धांवतांना, पडतांना, ओरडतांना परक्या पुरुषानें पाहूं नये, ही त्या काळची मर्यादा अमेरिकेंतही होती. बेरेन्सनबाईनें नियमही बदलले. मैदानाचे तीन भाग पाडले आणि प्रत्येक खेळाडूला तिच्या भागांतच जखडलें; दुसरीच्या हातांतून चेंडू हिसकावणें बंद केलें; तीन सेकंदांहून अधिक वेळ चेंडू हातीं धरूं नये आणि तीनांहून अधिक वेळां तो आपटूं नये असें ठरविलें. मुलींच्या नाजूक प्रकृतीस पुरुषी खेळ झेपणार नाहीं, अशी लोकसमजूत होती. तिला न दुखवितां मुलींना मैदानावर कसें आणावें, याची ही तडजोड होती. ती तडजोड इतकी चिवट ठरली कीं, अमेरिकन कॉलेजांतील मुलींना संपूर्ण मैदानभर पांच-पांच जणींनीं खेळण्याची मोकळीक मिळण्यास १९७१ साल उजाडावें लागलें.

शाळेच्या फाटकाबाहेरची पहिली मोठी झेप मात्र अमेरिकेनें घेतली नाहीं, ती शेजारच्या कॅनडानें घेतली. कॅनडाच्या पश्चिमेकडील एडमंटन शहरांत टंकलेखन, हिशेब असे कारकुनी विषय शिकविणारें एक हायस्कूल होतें. पर्सी पेज हा तेथला शिक्षक मुलींना बास्केटबॉल शिकवी. १९१५ सालीं मुलींची परीक्षा झाली, शाळा सुटली, आणि त्यांपैकीं कांहीं जणींनीं आपल्या गुरूला सांगितलें कीं, आम्हांस खेळ सोडावयाचा नाहीं. त्यांतून जो क्लब निघाला त्याचें नांवच ‘एडमंटन ग्रॅड्स’, म्हणजे एडमंटनच्या पदवीधर, असें पडलें. दिवसां कचेरींत टंकयंत्र बडवावयाचें, संध्याकाळीं दालनांत सराव करावयाचा, असा या मुलींचा क्रम होता. पैसा कोणीही घेतला नाहीं. शाळेंतील कनिष्ठ संघ, मग वरिष्ठ संघ, मग दुय्यम क्लब, आणि शेवटीं ग्रॅड्स, अशी पायऱ्यांची शिडी पेजनें बांधली. त्यामुळें मैदानावर येणारी नवी मुलगी नवखी नसे. २५ वर्षांत त्या पहिल्या संघांतून अवघ्या ३८ जणी खेळल्या. सर्वसाधारणपणें मानला जाणारा हिशेब असा कीं, ५२२ सामन्यांपैकीं ५०२ त्यांनीं जिंकले.

१९२३ सालीं टंकयंत्रें बनविणाऱ्या अंडरवुड कंपनीनें कॅनडा व अमेरिका यांच्या स्त्रीसंघांसाठीं एक आव्हानचषक ठेवला. दोन देशांतील स्त्रियांच्या बास्केटबॉल-क्लबांनीं नियमानें लढविलेल्या पहिल्या चषकांपैकीं हा एक होय. ज्या यंत्रावर बसून त्या मुली पोट भरीत, त्याच यंत्राच्या कारखानदारानें त्यांच्या खेळाला मान द्यावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. कारण कचेरींतील नोकरीनेंच त्या मुलींच्या हातीं स्वतःची संध्याकाळ दिली होती. ग्रॅड्सनीं हा चषक सतरा वर्षें कोणाच्या हातीं जाऊं दिला नाहीं. १९२४ ते १९३६ या काळांत ऑलिंपिक मेळाव्यांच्या निमित्तानें परदेशांत झालेले त्यांचे २७ सामने त्यांनीं सर्वच्या सर्व जिंकले. पण पदक एकही मिळालें नाहीं, कारण स्त्रियांचा बास्केटबॉल त्या वेळीं ऑलिंपिकांत नव्हताच. तो तेथें आला १९७६ सालीं. तोंवर ग्रॅड्सचा क्लब विसर्जित होऊन छत्तीस वर्षें लोटलीं होतीं. १९४० सालीं युद्धामुळें त्यांचें दालन वैमानिक दलानें घेतलें आणि क्लब थांबला. अंडरवुड चषक त्यांनाच कायमचा देण्यांत आला. जिंकण्याची शक्ति असूनही, खेळावयास छप्पर नाहीं म्हणून क्लब मिटूं शकतो, हा धडा त्यांतून उरला.

युद्धानंतर युरोपांत हा प्रश्न पुनः नव्यानें उभा राहिला. १९३८ सालीं रोम येथें स्त्रियांच्या राष्ट्रीय संघांची पहिली युरोपीय स्पर्धा झाली होती. १९५३ सालीं चिली देशांत पहिली जागतिक स्पर्धाही झाली. पण राष्ट्रीय संघ हा चार दिवस एकत्र येतो आणि पांगतो. खेळाडू घडते ती क्लबांत, रोजच्या सरावांत. म्हणून १९५८-५९ च्या हंगामांत निरनिराळ्या देशांच्या अजिंक्य क्लबांसाठीं युरोपीय चषक सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षीं तो बल्गेरियाच्या स्लाविया सोफियानें जिंकला. आरंभीं स्पर्धा बाद पद्धतीची असे. एक सामना आपल्या गांवीं, दुसरा प्रतिपक्षाच्या गांवीं, आणि दोहोंच्या गुणांची बेरीज करून निकाल. १९९६-९७ पासून या स्पर्धेस युरोलीग हें नांव मिळालें.

लीगच्या तक्त्याचा नियम लक्षांत घेण्याजोगा आहे. एका गटांतील प्रत्येक संघ दुसऱ्याशीं दोनदां खेळतो, एकदां घरीं व एकदां परगांवीं. विजयाचे गुण दोन. सामना सोडून देणाऱ्यास शून्य. आणि जो संघ आला, खेळला आणि हरला, त्यास एक गुण मिळतो. दोन संघांचे गुण सारखे झाले तर त्यांच्या आपसांतील सामन्यांचा निकाल आधीं पाहतात. हरणाऱ्यास गुण कां द्यावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सरळ आहे. बर्फांतून, थंडींतून, शेंकडों मैलांचा प्रवास करून बारा मुली येतात आणि चाळीस मिनिटें झुंजतात. त्यांच्या येण्याखेरीज स्पर्धाच नाहीं. तक्ता केवळ जेत्याची गणती करीत नाहीं, हजेरीचीही करतो.

या चषकाच्या इतिहासांत एक नांव सर्वांच्या वर आहे, तें म्हणजे लाट्विया देशाच्या रिगा शहराचें. तेथील क्लब ‘टीटीटी’ या तीन अक्षरांनीं ओळखला जातो. लाट्वियन भाषेंत त्या अक्षरांचा अर्थ ‘ट्राम व ट्रॉलीबस ट्रस्ट’ असा होतो. शहरांतील ट्रामगाड्या चालविणारें खातें, त्या खात्याचा हा स्त्रियांचा क्लब! नदीच्या नांवावरून ‘दौगवा’ असेंही त्यास म्हणत. १९६०, ६१ आणि ६२ सालीं त्यानें चषक जिंकला. १९६३ सालीं सोफियानें तो पुनः नेला. आणि मग १९६४ पासून १९७५ पर्यंत, लागोपाठ बारा वर्षें, चषक रिगाबाहेर गेला नाहीं. पुढें १९७७, १९८१ व १९८२ हीं वर्षें धरून एकंदर १८ अजिंक्यपदें. या क्लबाची सर्वश्रेष्ठ खेळाडू उल्याना सेम्योनोवा ही १९५२ सालीं लाट्वियाच्या खेड्यांत जन्मली. उंची सात फुटांच्या घरांतली. गांवांत जिच्या अशा उंचीची लोकांनीं थट्टाच केली असती, त्या मुलीला क्लबानें शिकविलें, सांभाळलें आणि जगापुढें उभें केलें. १९७६ व १९८० या दोन्ही ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या सोव्हिएत संघाची ती मुख्य आधार होती. १९९३ सालीं नेस्मिथच्या नांवानें स्प्रिंगफील्ड येथें उभारलेल्या सन्मानमंदिरांत तिचें नांव कोरलें गेलें. बाल्टिक मुलखांत जन्मलेल्या सेंडा बेरेन्सननें मुलींचा खेळ जेथें रुजविला, त्याच परिसरांत बाल्टिक मुलखाचीच दुसरी कन्या शतकानंतर सन्मान घेऊन गेली.

रिगाच्या मागोमाग तक्त्यावर इटलीचा क्रम पाहावा. १९७८ सालीं मिलानजवळच्या सेस्तो सान जोव्हानी या कारखान्यांच्या गांवानें, १९८० सालीं तोरिनोनें, १९८३ ते १९८८ या काळांत पांच वेळां व्हिचेन्झानें, १९९० सालीं प्रियोलोनें, १९९१ सालीं चेझेनानें, आणि १९९४ व १९९५ सालीं कोमोनें चषक जिंकला. एकंदर ११ अजिंक्यपदें, आणि तीं सहा निरनिराळ्या क्लबांचीं. सोव्हिएत काळांतील १८ अजिंक्यपदें एकट्या रिगाचीं होतीं, हें ध्यानीं घेतलें म्हणजे फरक उमगतो. एके ठिकाणीं एकच उंच मनोरा. दुसरीकडे सहा मध्यम उंचीचीं घरें. कोणत्या मुलखांत अधिक मुली खेळल्या असतील, हें सांगावयास गणिती लागत नाहीं. कोमोच्याच क्लबाची लिलियाना रोंकेत्ती ही नामांकित खेळाडू १९७४ सालीं कर्करोगानें वारली; तेव्हां युरोपांतील दुय्यम चषकास तिचें नांव देण्यांत आलें, आणि तें २००२ पर्यंत चाललें. स्त्रीखेळाडूचें नांव तिच्या मरणानंतर दरवर्षीं तरुण मुलींच्या ओठांवर यावें, ही गोष्ट नागपंचमीच्या फेराला कधीं लाभली नव्हती.

शहरांच्या आकाराचाही विचार करावा. प्रियोलो हा सिसिली बेटांतील बारा हजार वस्तीचा गांव. २००० च्या आगेमागें लागोपाठ दोन वर्षें, म्हणजे १९९९ व २००० सालीं, चषक जिंकणारें स्लोवाकियाचें रुझोम्बेरोक हें सुमारें तीस हजारांचें, कागदगिरणीचें गांव. म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणें आपल्या संगमनेरच्या निम्म्याहूनही लहान. फ्रान्सचें बुर्ज हें प्राचीन देवळाचें शहर साधारण संगमनेरएवढेंच. तेथील क्लबानें १९९७, १९९८ व २००१ असा तीन वेळां युरोप जिंकला. नगर शहराची वस्ती तर त्याच जनगणनेंत साडेतीन लाखांवर होती. म्हणजे मोठी राजधानी, अफाट पैसा किंवा राजाश्रय यांवांचून हें होत नाहीं, असें म्हणण्यास जागा उरत नाहीं. गांवांत एक दालन, एक चिकाटीचा शिक्षक, एखादी गिरणी किंवा नगरपालिका पाठीशीं, आणि शनिवारीं सामना पाहावयास जाण्याची गांवाला लागलेली संवय, एवढी सामग्री पुरली.

पैशाचा काळही या तक्त्यांत दिसतोच. रशियाच्या उरल पर्वतांतील खाणमालकांच्या कंपनीनें येकातेरिनबर्गच्या क्लबास पोसलें. त्यानें २०२१ पर्यंत सहा अजिंक्यपदें मिळविलीं. मॉस्को प्रांताच्या स्पार्ताकनें २००७ ते २०१० असा लागोपाठ चार वेळां चषक नेला. जगांतल्या उत्तमोत्तम खेळाडू हिवाळ्यांत रशियाकडे धांव घेऊं लागल्या. परंतु २०२२ सालीं युक्रेनवर स्वारी झाली, रशियन क्लबांना स्पर्धेंतून वगळण्यांत आलें, आणि एका फटक्यांत तक्त्याचा तो सारा स्तंभ थांबला. त्या वर्षीं हंगेरीच्या शोप्रोननें चषक जिंकला. २०२३ व २०२४ सालीं इस्तंबूलच्या फेनेरबाचेनें. २०२५ सालीं प्रागच्या क्लबानें, दुसऱ्यांदा. २०२० सालीं तर साथीमुळें स्पर्धा अर्ध्यांतच सोडून द्यावी लागली होती. तेवढें एक वर्ष वगळलें तर १९५९ पासून २०२५ पर्यंत एकही वर्ष चषक निर्णयावांचून राहिला नाहीं. १९८९ सालीं चषक जिंकणारें बोस्नियांतील तुझ्ला शहर तीनच वर्षांनीं युद्धांत सांपडलें. ज्या युगोस्लावियाच्या नांवानें तो क्लब खेळला, तो देशही नकाशावरून पुसला गेला. तक्त्यावरील नोंद मात्र तशीच राहिली.

भारतांत हा खेळ आला तो वाय. एम. सी. ए. आणि मिशनच्या शाळांच्या वाटेनें. स्प्रिंगफील्ड येथें शिकलेल्या हॅरी बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें, आणि तेथून तयार झालेले शिक्षक देशभर पसरले. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९३४ सालीं दिल्लीस सुरू झाली; देशाचें बास्केटबॉल-मंडळ १९५० सालीं स्थापन झालें. स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा वृत्तान्त पाहिला तर एक गोष्ट ठळकपणें दिसते. दीर्घ काळ वर्चस्व राहिलें तें रेल्वेच्या संघाचें. आणि अलीकडे रेल्वेला तोलामोलाची टक्कर दिली ती केरळच्या संघानें, ज्याच्या कित्येक खेळाडू तेथील वीजमंडळाच्या नोकरींत होत्या. रिगांत ट्राम, भारतांत आगगाडी आणि वीज! नियम तोच. ज्या खात्यानें मुलीला पगार दिला, त्यानेंच तिला शाळेनंतरचा खेळही दिला.

या आधारावर उभ्या राहिलेल्या गीतू अ‍ॅना जोस हिनें दक्षिण रेल्वेच्या नोकरींतून पुढें जाऊन २००६ सालीं मेलबोर्नच्या रिंगवुड हॉक्स या क्लबांतर्फे खेळण्यास आरंभ केला. ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्यें व्यावसायिक म्हणून खेळणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुण्याची शिरीन लिमये हिनें महाराष्ट्राचें नांव भारताच्या संघांत नेलें. आणि २०१७ सालीं बंगलोर येथें आशियाई चषकाच्या दुसऱ्या विभागांत भारतीय स्त्रियांनीं कझाकस्तानावर ७५ विरुद्ध ७३ अशी मात करून वरच्या विभागांत प्रवेश मिळविला. अवघ्या दोन गुणांचें अंतर. म्हणजे एक टोपली. त्या एका टोपलीमागें किती जणींच्या किती संध्याकाळी होत्या, हें तक्ता सांगत नाहीं. पण त्या संध्याकाळी नसत्या तर तो आंकडाही नसता.

कोणी म्हणेल, युरोपांतील क्लबांचा आणि नगरच्या मुलींचा संबंध तो कितीसा? संबंध आहे, आणि तो खेळाहून अधिक संस्थेचा आहे. प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें १९५० सालीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हां शेतकऱ्यांजवळ कारखाना नव्हता, पैसाही नव्हता. होती ती एकत्र येऊन भाग घेण्याची, हिशेब ठेवण्याची आणि गळीत हंगाम चुकूं न देण्याची तयारी. खेळाचा क्लब म्हणजे दुसरें काय असतें? सभासदांची वर्गणी, जमाखर्चाची वही, वर्षाचें वेळापत्रक, आणि हंगामास हजर राहण्याचा निश्चय. ज्या जिल्ह्यानें सहकाराची ही विद्या देशाला शिकविली, त्यास मुलींचें एक क्रीडामंडळ चालविण्याची विद्या बाहेरून आणावयास नको. फॅरारबाईंच्या काळीं वादाचा मुद्दा होता तो मुलीनें शाळेंत यावें कीं नाहीं, हा. तो केव्हांच निकालांत निघाला. आतांचा मुद्दा त्यापुढचा आहे. सोळाव्या वर्षीं जिनें चेंडू हातीं घेतला, तिला सव्विसाव्या वर्षीं, नोकरी करतांना, कदाचित् मूल घरीं ठेवून येतांना, तोच चेंडू कोणत्या मैदानावर मिळेल?

एडमंटनच्या मुलींनीं तो मुद्दा एका शिक्षकापुढें ठेवला आणि उत्तर मिळविलें. रिगाच्या मुलींना तें ट्रामखात्यानें दिलें, प्रियोलो आणि रुझोम्बेरोकच्या मुलींना त्यांच्या गांवानें. त्यांतील पुष्कळशा क्लबांनीं चषक कधींच जिंकला नाहीं. दरवर्षीं तक्त्याच्या तळाशीं असे संघ असतातच, कीं ज्यांच्या नांवापुढें विजयाचे दोन क्वचित् दिसतात आणि पराभवाचा एक पुनः पुनः दिसतो. तो एकाचा आंकडा वाचणाऱ्यानें हिणवून वाचूं नये. गांवाहून निघून, वेळेवर पोंचून, शेवटची शिट्टी होईपर्यंत मैदानावर राहिलेल्या स्त्रियांची ती हजेरी आहे. आणि पहिल्या विजयाची वाट त्याच आंकड्यावरून जाते.